उजवीकडून चढणारा माणूस

चेट हॅलोरनला आधी दिसला तो सदरा. माणूस नंतर दिसला. काळा सदरा, छातीवर पांढऱ्या दोरीची उभी वीण, दोन्ही खांद्यांवर एकेक पांढरी चांदणी, अर्ध्या मैलावरूनही चुकायला नको अशी. तो सदरा घालून एक चोवीस-पंचवीस वर्षांचा तरुण खडकाच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर बसला होता आणि उकडलेलं अंडं सोलून टरफलं नीट एका कागदावर ठेवत होता. बसमधून उतरता उतरता चेटचा पाय पायरीवरच थबकला. मागच्या ओटिसचं ढोपर त्याच्या पाठीत बसलं. "अरे हल की पुढं, म्हाताऱ्या! नवरीसारखा उंबऱ्यावर काय अडलायस?" ओटिस म्हणाला, बाकीचे आठ-दहा घोडेस्वार हसले, आणि चेट खाली उतरला. त्याच्या मनात पहिला विचार आला तो अगदीच बावळट होता. अंड्याचा बलक त्या पांढऱ्या दोरीला लागला तर निघणार नाही, व्हर्नाला तीन धुण्यांत निघाला नव्हता. व्हर्ना त्याची बायको, ती सोडून गेली त्याला सात वर्षं झाली होती. मग दुसरा विचार आला. हा सदरा माझा आहे. म्हणजे हा नव्हे, माझा कधीच विरून फाटला. हा कुणीतरी नवा शिवलाय, कापड हलकं आहे, चांदण्या जरा मोठ्या झाल्यात. पण सदरा माझा आहे.

आणि सकाळपासून तो किती खुशीत होता! हॉलिवूडमध्ये कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात सहा वाजल्यापासून स्वारांची गर्दी असते. बूट, टाचेच्या आऱ्या, टोप्या, सगळा जामानिमा घरूनच घालून यायचं, काउंटरवर कॉफी घेऊन बसायचं आणि भिंतीवरच्या फोनकडे कान लावायचा. सिनेमाकंपनीचा निरोप घेऊन फोनवाला ओरडतो, "दहा काळ्या टोप्या!" की काळ्या टोप्या उठतात. "पाच दाढीवाले!" की दाढ्या उठतात. माणसाला तिथं नाव नसतं आणि कुणाला त्याचं वाईटही वाटत नाही, एका चेटला सोडून. गेली सहा वर्षं तो काळी टोपी म्हणून उठत होता आणि उठताना दर वेळी मनातल्या मनात म्हणत होता की ह्यांना माहीत नाही मी कोण आहे. आज फोनवाला म्हणाला, "हॅलोरन आहे का इथं? चेट हॅलोरन?" सगळं दुकान वळून बघायला लागलं. "चला, राजेसाहेबांना नावानिशी निमंत्रण आलं," ओटिस म्हणाला. चेटनं कॉफी अर्धी टाकली. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून तो खालच्या पट्टीत दोन-तीन वाक्यं पुटपुटत राहिला. बोलायची भूमिका असणार. मरणारा शेरीफ असेल, मरताना दोन वाक्यं बोलतो तसला. आवाजाचंच तर भय होतं. सिनेमा बोलायला लागला त्या वर्षी त्यांनी त्याला एका खोलीत उभं करून वाचायला लावलं होतं, आणि काचेपलीकडचा माणूस हसू दाबत म्हणाला होता, "साहेब, दिसता गुंडांचा काळ आणि बोलता शाळामास्तरीण." एका वाक्यात चाळीस सिनेमे संपले. ज्या माणसानं बारा वर्षं पडद्यावर तोंडातून शब्द काढला नाही त्याला तोंडानंच मारावं, ह्यातला अन्याय चेटला अजून पचत नव्हता.

दिग्दर्शक मॅक्कम त्याला बघून छत्रीखालून बाहेर आला. जाडा, घामाघूम, कायम एक दिवस उशिरानं धावणारा माणूस. "चेट! ये, ये. हा ल्यूथर बीम. रेडिओवर गातो. गातो म्हणजे काय, ह्याचं गाणं लागलं की बायका इस्त्री तशीच ठेवतात आणि कपडे जळतात." तो तरुण उठून उभा राहिला, अंड्याचा हात रुमालाला पुसला आणि म्हणाला, "हॅलोरनसाहेब, मी..." पण मॅक्कमला वेळ नव्हता. त्यानं एका दमात सांगून टाकलं. कंपनीनं जुन्या मूकपटांच्या फिती विकत घेतल्यात. त्यात चेटचा 'घळीपलीकडे' आहे, ती घोड्याची उडी आहे. तसली उडी आता कोण मारणार, आणि मारू कोण देणार? तर दूरचं सगळं त्या फितीतलं घ्यायचं आणि जवळचं सगळं ल्यूथरचं. सदरा तोच, टोपी तीच, वर गाणं. लोकांना वाटणार ल्यूथरच उडाला. "फक्त एक घोटाळा झालाय. तू, मेल्या, घोड्यावर उजवीकडून चढतोस! सगळं जग डावीकडून चढतं, तू उजवीकडून, आणि तो डावा पाय असा सरळ, फाटक फिरवल्यासारखा टाकतोस. फितीत ते स्वच्छ दिसतंय. हा डावीकडून चढला की जोड उघडा पडतो. तेव्हा संध्याकाळपर्यंत ह्याला तुझी ती चढण शिकव."

"आणि माझं नाव?" चेटनं विचारलं. आवाज नको तिथं बारीक झाला.

"कसलं नाव?"

"सुरुवातीला पाट्या येतात. एक पाटी. घळीवरची उडी, चेट हॅलोरन."

मॅक्कम हसला, पण वाईट नाही हसला. "चेट, अरे फितीला कुठं नाव असतं? फीत डब्यातून येते. झाडाचं नाव घालतो का आपण? खडकाचं? चल, ऊन चढतंय."

चेटनं तिथंच ठरवलं की ह्या वेळी सोडायचं नाही. पैसे नकोत, भूमिकासुद्धा नको, पण ती एक ओळ पाहिजे. मिसेस डॉबीच्या खाणावळीत, जिथं तो राहतो, तिथं सगळ्यांना तो टपालखात्यातला पेन्शनर वाटतो. दुकानातल्या नव्या पोरांना एकदा त्यानं आपण कोण होतो ते सांगितलं तर त्यांनी एकमेकांना डोळे घातले. माणसाला आयुष्यात एक उडी मिळते. ती एवढी मोठी की अख्ख्या देशातली पोरं कुंपणांवरून पडून हात मोडून घेत होती, आणि आता तीसुद्धा एका गवयाच्या अंगाला चिकटवणार? आयत्या बिळावर नागोबा! हे शब्द मनात आले मात्र, चेटला कसंसंच झालं. त्यानं घाईनं घोडीचा लगाम हातात घेतला. असं त्याचं नेहमी होतं. रागाची गाडी भरधाव सुटायची आणि एका ठरावीक वळणावर आली की तोच उडी टाकून पळून जायचा.

शिकवणी सुरू झाली आणि वैतागाला पार राहिला नाही. करडी घोडी जन्मापासून डावीकडूनच माणूस घेत आलेली. उजवीकडून सावली दिसली की ती बाजूला सरायची, आणि ल्यूथर एक पाय रिकिबीत अडकवून तिच्यामागं लंगडी घालत जायचा. ओटिस आणि मंडळी खडकावर बसून दाद देत होती. "गा रे काहीतरी, ती थांबेल!" "अरे तिच्याशी लग्न आहे का, गोल गोल फिरतोयस?" ल्यूथर स्वतःही हसत होता, हेच चेटला सहन होईना. चिडला असता तर बरं झालं असतं. शेवटी घोडी कंटाळून उभी राहिली. ल्यूथर चढला, पण डावा गुडघा वाकवून चढला, सगळी माणसं वाकवतात तसा. "वाकवायचा नाही," चेट म्हणाला. पुन्हा वाकला. "गुडघा! गुडघा वाकवायचा नाही!" "का पण, साहेब?" ल्यूथरनं विचारलं. "वाकवला तर सोपं जातं." "ती ऐट आहे," चेट म्हणाला. "माझी ऐट."

त्याची ऐट! मेल्या पायाची ऐट. बारा वर्षांपूर्वी युसेबिओ आर्मेंटा, त्याचा बदली माणूस, त्याला स्वयंपाकाच्या तंबूमागं तीन दिवस हेच शिकवत होता. "दॉन चेट, पाय मेलाय असं समजा. मेलेला पाय वाकत नाही. त्याला उचलायचं आणि पलीकडे नेऊन ठेवायचं, बस." युसेबिओ मेक्सिकोतल्या सोनोराचा. चेटच्याच उंचीचा, चेटच्याच अंगाचा, आणि दुरून तसाच सदरा घातला तर त्याची आईसुद्धा फसली असती. चेट ओहायोच्या दूधगाडीवरचा. डेल्बर्ट क्रोगर हे खरं नाव. घोडा त्याला येत होता तो दूध सांडू नये इतपत. बाकी सगळं युसेबिओ. बावीस सालच्या वसंतात घोड्याच्या पुढच्या पायांना तार बांधून तो ऐन धावेत पाडायचा होता. तसंच पाडतात. घोडा पडला, आणि युसेबिओच्या डाव्या गुडघ्यावर पडला. चेट तेव्हा कॅमेऱ्याशेजारी उभा राहून संत्रं खात होता. कॅमेरावाला म्हणाला, "मिळालं," आणि चेटनं उरलेल्या फोडी तोंडात टाकल्या, मग तो धावला. त्या फोडी अजून आठवतात. त्यानंतर युसेबिओचा गुडघा कधी वाकला नाही. चालताना तो लंगडायचा, पण उजवीकडून एकदा खोगिरात जाऊन बसला की जगात कुणाच्या बापाला ऐकत नसे. मग चोवीस साली ती उडी आली. दुरून चढणं, दौड, घळ, सगळं एका दमात घेतलं, आणि मग दिग्दर्शकाला लक्षात आलं की नायक उजवीकडून चढलाय. आता जवळच्या चित्रात चेटलाही तसंच चढावं लागणार. ह्या धंद्यात दूरचा जसं करेल तसं जवळच्यानं करायचं असतं. हा इथला नियम आहे आणि तो कुणाला उलटा वाटत नाही. लोकांना ती चढण एवढी आवडली की पुढच्या सगळ्या सिनेमांत चेटला तीच करावी लागली. पोरं पत्रं लिहायची. वर्तमानपत्रात आलं की अशी ताठ मांड घालावी तर हॅलोरननंच, आणि हा गृहस्थ कधी बदली माणूस घेत नाही.

उडीच्या दिवशी वर्तमानपत्रवाले आले होते, त्यांना लांबच्या टेकडीवर बसवलं होतं. घोडा घळीवरून गेला तेव्हा चेट खडकामागं उभा होता आणि त्याला फक्त टापा थांबल्याचं ऐकू आलं. टापा थांबल्या आणि किती तरी वेळ पुन्हा सुरूच होईनात. मग झाल्या. युसेबिओ वळसा घालून खडकामागं आला आणि खाली उतरला. चेटनं मूठभर धूळ उचलून आपल्या तोंडाला फासली, फेसाळलेल्या घोड्यावर चढला, बाहेर उन्हात गेला आणि ऐटीत खाली उतरला. सगळे टाळ्या वाजवत खाली धावत आले. मागून खोकल्याचा आवाज आला. युसेबिओच्या घशात धूळ गेली होती आणि तो बिचारा खोकला दाबता येईल तेवढा दाबत होता. "तिकडं कोण आहे?" एकानं विचारलं. "स्वयंपाकी आहे," चेट म्हणाला.

पण हेही एक वेळ चाललं असतं. तो धंदाच तसा होता, आणि युसेबिओला धंदा माहीत होता. न चालण्यासारखं पुढं झालं, एकतीस साली, जेव्हा मेक्सिकन लोकांना गाड्या भरभरून परत पाठवत होते. युसेबिओ खाणावळीत आला, टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला. म्हणाला, "दॉन चेट, एक चिठ्ठी लिहून द्या. ती उडी मी मारली एवढंच. एक सर्कसवाला घोड्यांसाठी माणूस बघतोय, त्याला दाखवली की तो ठेवून घेईल. काम असलं तर मला गाडीत घालणार नाहीत." एक ओळ. चेटजवळ तेव्हा ना काम होतं, ना बायको, ना आवाज. ती उडी होती. "उद्या ये," तो म्हणाला. आणि उद्या पहाटेच उठून कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन बसला. परवाही. मिसेस डॉबी म्हणाली, तो लंगडा तीनदा येऊन गेला हो, बिचारा पायरीवर बसून होता. चौथ्या दिवशी आला नाही. चिठ्ठी लिहायला किती वेळ लागला असता, हा हिशेब चेट गेली पाच वर्षं करत होता, आणि तो कधी एका मिनिटाच्या वर जात नव्हता.

दुपारी जेवणाची सुटी झाली. पुठ्ठ्याच्या डब्यांत हॅमचे सँडविच आणि एकेक सफरचंद. ल्यूथर आपला डबा घेऊन मुद्दाम त्याच्याशेजारी खडकावर येऊन बसला. "सकाळी सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "आमच्या गावात, ओक्लाहोमात, तुमचा तो सिनेमा चर्चच्या तळघरात दाखवला होता. मी बारा वर्षांचा. दुसऱ्या दिवसापासून गावातली सगळी पोरं घोड्यावर उजवीकडून चढायला लागली. घोडे लाथा मारायचे, आमचा बाप पट्ट्यानं मारायचा. मी दोन दात घालवले, साहेब, तुमच्यापायी." त्यानं ओठ वर करून दाखवलं. चेटनं त्या फटीकडे पाहिलं. "मग आज वाकतो कसा गुडघा?" तो कुरकुरला. ल्यूथर हसला. "तेव्हा खोगीर नव्हतं, पिंपावरून चढायचो. बरं, मघाशी मॅक्कमसाहेबांना म्हणालात ते ऐकलं मी. बसा, आलोच." आणि तो उठून थेट छत्रीकडे गेला. चेट दुरून बघत होता. मॅक्कमचे हात हलत होते, ल्यूथरचे हलत नव्हते. तो नुसता उभा होता, आणि ज्याच्या गाण्यावर सिनेमा चालायचा त्या माणसाला नाही म्हणणं परवडत नसतं. मॅक्कम तिथूनच ओरडला, "बरं बाबा! चेट, घालतो पाटी! पाट्या रंगवणारा पाच वाजता जातो, त्याला निरोप देतो. खूश?" खडकावरून ओटिसनं टोपी हलवली, "राजे, आता आमच्याशी बोलाल का?" पण ह्या वेळी त्याच्या आवाजात खोच नव्हती. चेटनं सँडविचचा घास घेतला. किती वर्षांनी घास गोड लागला! बरं वाटलं, फार बरं वाटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं सँडविचमधल्या मोहरीवर ढकललं.

जेवणानंतर पुन्हा घोडी. आता ती गरीब झाली होती, उजवीकडून उभी राहत होती, पण ल्यूथरचा गुडघा काही ऐकेना. दहा वेळा झालं, पंधरा वेळा झालं. मॅक्कम घड्याळ बघत आला आणि तिथंच उभा राहिला. "साहेब, मला कळल्याशिवाय येत नाही हो," ल्यूथर कळवळून म्हणाला. "गाण्यातही माझं असंच आहे. श्वास इथंच का घ्यायचा ते कळलं की येतो. तुम्ही पाय असा ताठ का टाकत होता? काहीतरी कारण असेल."

"सांगितलं ना, ऐट."

"ऐटीत एवढं जड कोण उचलेल? मी फीत चार वेळा पाहिलीय. त्या माणसाला ते दुखतंय, साहेब. चढताना त्याची मान अशी खाली जाते. तुम्हाला का दुखत होतं?"

"मला काही दुखत नव्हतं!"

"मग का..."

"कारण त्याचा गुडघा मोडला होता!" चेट ओरडला. आवाज फुटला, बारीक, चिरका, शाळामास्तरणीचा. "मोडला होता, म्हणून वाकत नव्हता! कळलं आता?"

"कुणाचा?" ल्यूथरनं विचारलं.

घोडीनं शेपूट हलवलं. चेटला वाटलं, अजून सावरता येईल, थट्टा केली म्हणता येईल. पण बारा वर्षं दाबून धरलेली गोष्ट एकदा दारातून निघाली की मागं वळून बघत नाही. त्यानं सांगून टाकलं. आर्मेंटा, सोनोराचा, तार, गुडघा, घळ. उडी त्याची, चढण त्याची, मी शिकलो ती त्याच्याकडून. चिठ्ठीचं मात्र सांगितलं नाही. ते जिभेपर्यंत आलं आणि परत गेलं. ल्यूथर लगाम धरून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, राग असता तर चेट भांडला असता. फक्त समोरच्या माणसाला नीट बघून घ्यावं तसा तो बघत होता. मग त्यानं विचारलं, अगदी साधं, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं, "मग त्या सिनेमात तुम्ही काय केलं?"

चेटनं आठवून पाहिलं. प्रामाणिकपणे पाहिलं.

"उतरलो," तो म्हणाला.

ल्यूथरनं मान हलवली. घोडीच्या उजव्या बाजूला गेला, रिकिबीत पाय घातला, मान किंचित खाली घातली आणि डावा पाय उचलून पलीकडे नेऊन ठेवला. गुडघा वाकला नाही. चढला तो युसेबिओ होता, सदऱ्यासकट.

"हेच!" मॅक्कमनं टाळीच वाजवली. "हेच पाहिजे होतं! हे आधीच का नाही सांगितलंस रे त्याला?"

"मॅक्कम," चेट म्हणाला, "पाटीवर युसेबिओ आर्मेंटा घाल. उडी त्याची आहे. आत्ता ऐकलंस ना तू."

"ऐकलं. पण डब्यावर हॅलोरन आहे, कागदांवर हॅलोरन आहे, आमचे वकील मला उभा सोलतील. तो कोण, कुठला, आहे का मेला, मी कुठं विचारत बसू? पाटी घालायची तर हॅलोरनची, नाहीतर नाही." त्यानं घड्याळ पाहिलं. "पावणेपाच झाले, तो रंगारी निघेल. तुला नको असेल तर तसं सांग, माझं एक काम वाचेल. काढू पाटी?"

चेटनं वर पाहिलं. ल्यूथर घोडीवर बसून त्याच्याकडे बघत होता, थांबला होता. सगळंच थांबलं होतं. एवढ्यानं काय बिघडतं, त्या माणसाला आता ह्या पाटीचा काय उपयोग, तो सोनोरात कुठल्या तरी कुरणावर असेल, सिनेमा तरी पोचेल का तिथं, आणि खरं तर मी सांगितलंच की, सगळ्यांसमोर सांगितलं, आणखी काय करायचं माणसानं? नाही म्हण, असं आत कुणीतरी म्हणत होतं, आणि तो आवाज त्याला चांगला ऐकू येत होता.

"नको कुठं म्हटलं मी?" चेट म्हणाला.

मॅक्कम निरोप द्यायला धावला. ल्यूथर घोडीवरून खाली उतरला, डावीकडून, आणि पाणी प्यायला गेला.